बिनरंगाचं बदक

डिसेंबरची तेवीस तारीख उजाडली तेव्हा रंगारणीच्या फोनमध्ये एकोणचाळीस माणसं एकच प्रश्न घेऊन उभी होती: आमचं बदक कुठे आहे?

कुणी गोडीत विचारत होतं, कुणी दातओठ खाऊन. एकाने तर नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं होतं, पुढे-मागे अक्षर नाही. ती अंथरुणातच उठून बसली, उशाखालचा चष्मा काढला आणि अंगठ्याने उत्तरं लिहायला लागली. ‘नमस्कार, तुमचं बदक परवाच निघालं आहे.’ ‘नमस्कार, तुमचं बदक आज दुपारी निघेल, उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल.’ एकच उत्तर सगळ्यांना चिकटवायची सोय फोनमध्ये असते हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्याने लेकरासाठी काही मागवलंय त्याच्या तोंडावर छापील उत्तर मारायचं तिच्या जिवावर यायचं. म्हणून एकोणचाळीस माणसांना एकोणचाळीस उत्तरं. आणि तोवर घरात चहा नाही.

“सूनबाई,” आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “बदकांना उत्तरं देऊन झाली असतील तर माणसांनाही काहीतरी द्या प्यायला.”

रंगारीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. नवरा लाकूड कापायचा, ती रंगवायची, म्हणून त्याने कौतुकाने ते नाव ठेवलं आणि ते तिला चिकटलं. त्याला स्वतःला सगळा गाव मिस्त्री म्हणायचा. ती ‘अहो’ म्हणायची. घर दोन खोल्यांचं, मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये करवत, रंधा, शिकंजा, लाकडाचा भुसा आणि दर वर्षी नाताळच्या आधी ओळीने मांडलेली बदकं.

बदक म्हणजे ओंजळीपेक्षा जरासं मोठं. खाली चार चाकं, पुढे दोरी. पुढच्या चाकांच्या दांड्याला मिस्त्री मुद्दाम थोडा बाक ठेवायचा. दोरी ओढली की चाक फिरे, चाक फिरलं की आतली काडी वर-खाली होई आणि बदक ‘टक्, टक्’ करत मान डोलवायचं; जणू ऐकणाऱ्याच्या प्रत्येक शब्दाला ‘खरंय, खरंय’ म्हणतंय. अंग पिवळं, चोच नारिंगी, मान हिरवी. त्या हिरव्यासाठी रंगारीण तीन डबे एकत्र करायची आणि प्रमाण कुणाला सांगायची नाही. ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं, डोळ्यालाच कळायचं.

दर वर्षी तीस-चाळीस बदकं जायची. यंदा कुणा आईने आपल्या पोराचा आणि बदकाचा व्हिडिओ टाकला. पोरगं बदकाला ‘हो ना?’ विचारतंय आणि बदक मान हलवतंय. तो व्हिडिओ कुठल्या कुठे पोचला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दीडशेच्या वर मागण्या आल्या. तिघंजण आनंदाने वेडी व्हायची बाकी होती.

आणि मग लॅकर बिघडलं.

नवा डबा होता, हवा दमट होती, थंडी अंगात मुरणारी. साठ रंगवलेल्या बदकांवर या चकचकीत लेपाचा शेवटचा हात फिरवून झाला. दोन दिवसांनी बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला. चार दिवसांनीही उमटला. आठव्या दिवशी मिस्त्रीने एक बदक उचललं, ते त्याच्या तळव्याला चिकटूनच वर आलं.

“असंच पाठवू या,” ती दबकत म्हणाली होती. “वाटेत वाळेल.”

“लेकरू तोंडात घालणार ते,” मिस्त्री म्हणाला. “चिकट बदक माझ्या हातून जायचं नाही.”

झालं. साठच्या साठ बदकं घासून काढली. घासताना मिस्त्रीच्या उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलं ते सुजलंच. पुढे पट्टी बांधून काम. अकरा दिवस असे गेले. आणि त्या अकरा दिवसांचं ओझं रोज सकाळी फोनमधून तिच्या छातीवर येऊन बसायला लागलं.

आता तिची कामाची रीत सांगायला हवी, कारण सगळं त्या रीतीतच अडकलं. मागणी आली की ती एक चिठ्ठी लिहायची: नंबर, पत्ता, कुणासाठी. शेडमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती. तिच्यावर चिमट्याने ही चिठ्ठी लटकवायची. दाराकडची चिठ्ठी पहिली, पलीकडच्या भिंतीची शेवटची. बदक तयार झालं की दाराकडची चिठ्ठी काढायची, खोक्यावर पत्ता घालायचा. इतकं सरळ की सासूबाईंनाही चष्म्याशिवाय कळायचं.

पण उशीर झाला आणि माणसं बोलायला लागली. कुणी लिहिलं, माझा मुलगा रोज दाराशी जाऊन बसतो. तिने ती चिठ्ठी चार चिमटे पुढे सरकवली. कुणी लिहिलं, आम्ही चोवीसला गावाला जाणार, त्याआधी हवं. सरकवली पुढे. एक बाई दर निरोपाच्या शेवटी अकरा उद्गारचिन्हं द्यायची. तिचं नाव घरात उद्गारबाई पडलं. उद्गारबाईने पार्सल हरवलं म्हणून इतका आकांत केला की रंगारणीने दुसरं बदक पाठवलं. मग पहिलं शेजाऱ्यांकडे सापडलं. दोन्ही बदकं तिकडेच राहिली. एक गृहस्थ ‘तात्काळ खुलासा करावा’ असं लिहायचे, ते वकीलसाहेब. खरोखर वकील होते की नाही देव जाणे, पण त्यांचा निरोप आला की ती हातातला कुंचला खाली ठेवायची. त्यांची चिठ्ठी नोव्हेंबरच्या शेवटची. ती दहा दिवसांत निम्मी दोरी ओलांडून आली.

सासूबाई स्टुलावर बसून बदकांच्या दोऱ्या ओवायच्या आणि हे सगळं बघायच्या.

“रोज चिमटे इकडून तिकडे,” त्या म्हणायच्या. “रांग लावलीयेस की संगीतखुर्ची?”

“आई, लहान पोराला ताप आहे म्हणतात. काय करू?”

“त्याच पोराला मागच्या आठवड्यात पण ताप होता. बदक पाठव आणि बरोबर डॉक्टरही पाठव.”

ती हसायची, पण चिमटा सरकवायचीच. रडणाऱ्याकडे पाठ करणं तिला कधी जमलंच नव्हतं. लहानपणापासून कुणी मोठ्याने हाक मारली की ती हातातलं टाकून धावायची. चांगला गुण म्हणूनच सगळे तिचं नाव घ्यायचे.

तर तेवीस तारीख. कुरियरची गाडी चारला येणार, नाताळच्या आधीची शेवटची खेप. नऊ बदकं उरलेली, लॅकर खडखडीत वाळलेलं. ती एकेक चिठ्ठी काढत होती, सासूबाई कागदात बदक गुंडाळत होत्या, मिस्त्री खोकी बंद करत होता. नऊ चिठ्ठ्या, नऊ खोकी. त्यांत एक वकीलसाहेबांचं. ती म्हणाली, “सुटलो बाबा एकदाचे,” आणि रिकामी दोरी सोडवायला पलीकडच्या भिंतीशी गेली.

तिथे, भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका फळीच्या मागे, दोरी खिळ्याला बांधली होती अगदी त्या गाठीजवळ, एक चिमटा होता.

चिठ्ठीवर पिवळ्या रंगाचे शिंतोडे उडालेले. कागद दमटपणाने मऊ पडलेला. नंबर सात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. खाली तिच्याच हाताने उतरवून घेतलेला मजकूर: ‘नातीसाठी. नुकती चालायला लागली आहे. घाई नाही, फक्त नाताळच्या सकाळी हवं.’

एप्रनला हात पुसून तिने फोन काढला आणि त्या माणसाचे निरोप शोधले. मागणीनंतर सगळा मिळून दोन ओळींचा संवाद. नोव्हेंबरात तिने सगळ्यांना कळवलं होतं: लॅकर वाळत नाही, उशीर होतोय, माफ करा. त्यावर या माणसाचं उत्तर: ‘बरं. हातांना जपा.’

त्यानंतर काही नाही. ना प्रश्न, ना चिन्ह.

“अहो,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मिस्त्रीने मान वर केली.

“काय झालं?”

“सातवा नंबर राहिला.”

“सातवा? तो तर ऑक्टोबरातच…” तो थांबला. दोरीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. सगळं कळायला त्याला दोन क्षण लागले. “किती बदकं उरली?”

“एक नाही. उद्गारबाईला दोन गेली ना.”



सासूबाईंनी हातातलं खोकं बाजूला ठेवलं. “वकिलाचं काढा आणि त्या माणसाला द्या. वकील जाऊ दे कोर्टात.”

“काल त्यांना लिहून दिलंय मी, आज नक्की निघेल म्हणून. नऊच्या नऊ जणांना लिहून दिलंय. शब्द दिलाय, आई.”

“आणि याला काय दिलं होतंस?”

“यालाही शब्दच. सगळ्यांच्या आधी.”

ती स्टुलावर बसली. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण तीन आठवड्यांच्या जागरणाने आणि वासाने डोळे असे कोरडे पडले होते की नुसते चुरचुरले. ती म्हणाली, “जो ओरडला त्याला मी पुढे घेतलं. हा ओरडला नाही म्हणून प्रत्येक वेळी एक-एक चिमटा मागे गेला. मी हाताने ढकलला त्याला. दयाळूपणा करता करता ढकलला.”

“आता स्वतःला झोडपायला वेळ नाही,” मिस्त्री म्हणाला. त्याने अंगठ्याची पट्टी सोडली, दाताने घट्ट ओढून पुन्हा बांधली. “लाकडाचा तुकडा आहे. संध्याकाळपर्यंत बदक करतो.”

“आणि रंग? या हवेत रंग आणि लॅकर मिळून चार दिवस.”

“रंग नाही. नुसतं घासून तेल लावू. खायचं तेल. लेकराने चोखलं तरी हरकत नाही.”

“बिनरंगाचं? त्यांनी फोटो बघून मागवलंय.”

“मग बिनबदकाचा नाताळ जाऊ दे?”

चारला गाडी आली, गाडीवाला नऊ खोकी घेऊन गेला. “उद्या नाही येणार हं, काकू,” म्हणाला. “उद्या कुणीच नाही येणार.” त्याचेही डोळे आत गेलेले होते. तिने त्याला पाणी दिलं, त्याने उभ्या उभ्या संपवलं.

मिस्त्री करवतीशी बसला होता. अंगठा वापरायचा नाही म्हणून तो लाकूड तळव्याने दाबून धरत होता, आणि दर पाच मिनिटांनी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता. कधी आळवून, कधी दुखलं म्हणून. दिवेलागणीला बदक उभं राहिलं. चाकांचा डिंक सकाळपर्यंत धरणार होता. तिने फडक्यावर तेल घेतलं आणि बदकाच्या पाठीवरून, पोटाखालून, मानेवरून हात फिरवला. लाकडाच्या रेषा मधासारख्या वर आल्या. एरवी या वेळी तिच्या हातात कुंचला असायचा. आज करायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती नुसती चोळत राहिली.

“मी नेऊन देते,” ती म्हणाली.

“दोन बस बदलाव्या लागतील.”

“बदलीन.”

“अगं, पाठ धरलीय तुझी. मी जातो.”

“चिमटा तुम्ही नाही सरकवला,” ती म्हणाली.

चोवीसला सकाळी सातच्या बसला ती बसली. बदक जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत, पिशवी मांडीवर. पहिली बस गच्च भरलेली. खोकी, पिशव्या, चमकणारे कागद, दमलेल्या आया. एक पोरगं तिच्या पिशवीत डोकावून म्हणालं, “यात काय आहे?” त्याच्या आईने त्याला मागे ओढलं. दुसऱ्या बससाठी पाऊण तास थांबावं लागलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, छपराखाली सगळ्यांची गर्दी, पिशवी ओली होऊ नये म्हणून ती पोटाशी धरून उभी. फोन थरथरला. वकीलसाहेब. ‘अद्याप प्राप्त नाही. खुलासा करावा.’ तिने लिहिलं, ‘नमस्कार. संध्याकाळपर्यंत येईल. मी बसमध्ये आहे.’ शेवटचं वाक्य का लिहिलं ते तिला कळलं नाही. बहुधा कुणाला तरी सांगायचं होतं.

वाटभर ती मनातल्या मनात त्या माणसाची मूर्ती घडवत होती. शांत, पोचलेला, कशाची आस नसलेला म्हातारा. ‘घाई नाही’ म्हणणारा. तिला वाटत होतं, तो दार उघडेल, हसेल, आणि आपल्या छातीवरचा दगड आपोआप उतरेल.

साडेअकराला ती त्या इमारतीशी पोचली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. प्रत्येक मजल्यावर ती कठड्याला धरून थांबली. दारावरची घंटा वाजवली. आतून चपला घासल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. गळ्यात मोजमापाची फीत, नाकावर चष्मा, सत्तरीचा बारीकसा माणूस.

“काका, मी बदकवाली,” ती म्हणाली. धाप लागलेली. “तुमचं बदक.”

तो बघत राहिला. “तुम्ही स्वतः आलात?”

“गाडी कालच गेली.”

“आत या. आधी बसा.”

खोली नीटनेटकी. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला छोटासा झगा. भिंतीशी एका खुर्चीत चकचकीत कागदात बांधलेलं एक मोठं खोकं. तिची नजर तिकडे गेलेली त्याने पाहिली.

“काल घेतलं,” तो म्हणाला. “दुकानातून. बॅटरीचा कुत्रा. दिवे लागतात, भुंकतो, उडी मारतो. मला वाटलं, तुमचं काही येत नाही आता.”

दगड उतरला नाही. उलट खाली घसरून पोटात बसला.

“तुम्ही एकदा तरी विचारायचंत,” ती म्हणाली. तक्रारच निघाली तोंडातून, नको असताना.

“कसं विचारणार? जन्मभर शिंपी मी. सणाच्या आदल्या दिवशी लोक दारात उभं राहून ओरडायचे. ओरडल्याने सुई भरभर चालत नाही, बोटात जाते तेवढी.” त्याने डाव्या हाताची तर्जनी दाखवली; टोकाशी जुन्या टोचांचे पांढरे ठिपके. “म्हटलं, आपण तसं करायचं नाही. पण असं समजू नका की मला काही वाटत नव्हतं. रोज फोन उघडायचो. ‘बदकाचं काय झालं’ असं लिहायचो आणि पुसायचो. पुन्हा लिहायचो. सून म्हणायची, बाबा, पाठवा की, त्याला काय होतं.”

तिने मान खाली घातली. तिने घडवलेली ती शांत मूर्ती बसमध्येच कुठेतरी राहून गेली होती. समोर बसलेल्या माणसाने इतर एकोणचाळीस जणांइतकीच वाट पाहिली होती. फरक एवढाच की त्याने तिला ती ऐकू येऊ दिली नव्हती.

मग तिने सगळं सांगितलं. लॅकर, दोरी, चिमटे, उद्गारबाई, वकील. काही झाकलं नाही. “तुम्ही बोलला नाहीत म्हणून तुम्ही मागे राहिलात, काका. बदकं संपली होती. हे काल केलंय. यावर रंग नाही.”

तिने टॉवेल उलगडला.

त्याने बदक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, पाठीवरच्या रेषेवरून बोट फिरवलं. चांगल्या कापडावरून माणूस हात फिरवतो तसं. मग म्हणाला, “मान हिरवी होती फोटोत.”

“हो.”

“नात आली की तिला फोटो दाखवायचो. ती नेमकं हिरव्यावर बोट ठेवते.”

“हो,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्याने वाकून बदक जमिनीवर ठेवलं आणि दोरी ओढली. बदक फरपटत आलं. चाक फिरलं नाही. मान जिथे होती तिथेच. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा तेच, चार चाकं घट्ट, मान ताठ, जणू बदकच रुसून बसलंय.

सकाळी घरी चाललं होतं. तिने स्वतः ओढून पाहिलं होतं. मग तिच्या ध्यानात आलं: लॅकर नाही, म्हणजे लाकूड उघडं, उघड्या लाकडाने पावसाची ओल शोषली आणि दांडा भोकात फुगून बसला. मिस्त्री असता तर त्याने कानशीने दोन हात मारले असते. तिला फक्त रंग येत होता.

“वाळलं की सुटेल,” ती कशीबशी म्हणाली. “दोन-तीन दिवसांत.”

“दोन-तीन दिवस नाहीत आपल्याकडे,” म्हातारा म्हणाला. “उद्या सकाळी आठला येते ती.”

तो बदक घेऊन मशीनपाशी गेला, दिवा लावला, चष्मा कपाळावर चढवला. चाक चिमटीत धरून हलवलं, कान लावला. “घट्ट झालंय. मोडलं नाहीये.” खण उघडून त्याने काळपट पिवळा एक गोळा काढला, त्यावर चरेच चरे पडलेले.

“मेण,” तो म्हणाला. “जाड दोऱ्याला लावायचं. दोरा कापडातून सटकन जातो, तुटत नाही. इकडे ये, पोरी. हे चाक धर. असं. जोर लावू नको, फक्त धर.”

तिने धरलं. त्याने जाड सुईत दोरा ओवला, दोरा मेणावरून तीन-चारदा ओढला आणि तो दांड्याभोवती घालून दोन्ही टोकांनी मागे-पुढे करायला लागला, हळूहळू, दात घासल्यासारखा. भोकाच्या कडेने बारीक भुसा पडायला लागला. दोरा तुटला की नवा. एका दांड्याला चार दोरे लागले, दुसऱ्याला सहा. तिच्या नखांतला हिरवा रंग आणि त्याच्या बोटावरचे पांढरे ठिपके दिव्याखाली शेजारी शेजारी. तिच्या मानेतून कळ जात होती, पण तिने चाक सोडलं नाही.

“आता बघ,” तो म्हणाला.

तिने चाकाला टिचकी मारली. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. दुसऱ्यांदा मारली, पूर्ण फिरलं. आतली काडी हलली आणि मान खाली जाऊन वर आली. टक्.

म्हाताऱ्याने बदक जमिनीवर ठेवलं आणि मशीनपासून दारापर्यंत ओढत नेलं. टक्, टक्, टक्. एका ठिकाणी अडखळलं, पुन्हा चाललं. परत येताना त्याचा चेहरा तिला दिसला, आणि तिने दुसरीकडे बघितलं. काही चेहरे अनोळखी माणसाने बघायचे नसतात.

“कुत्र्याचं काय करणार?” तिने विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

“देणार की. हात दोन आहेत तिला.” तो खुर्चीत बसला. “पण हिरवं विचारेल बरं का. मी तुला खोटं कशाला सांगू. उद्या ती मानेवर बोट ठेवेल आणि माझ्याकडे बघेल.”

“उन्हं पडली की येते मी,” ती म्हणाली. “रंगाचे डबे घेऊन. इथेच बसून रंगवते, तिच्यासमोर.”

“आता आणखी एक शब्द देतेस?”

दमलेल्या माणसाने शब्द देऊ नये, हे तिला गेल्या तीन आठवड्यांत चांगलं कळलं होतं. पण हा शब्द मागितलेला नव्हता, ओरडून काढून घेतलेला नव्हता. तिने नीट विचार केला. फेब्रुवारीत हवा कोरडी होते. तोवर मिस्त्रीचा अंगठाही बरा झालेला असेल. दोन बस.

“देते,” ती म्हणाली. “फेब्रुवारीचा दुसरा रविवार. आणि मी आले नाही तर ओरडा.”

“ओरडायला जमणार नाही मला.”

“मग लिहा आणि पुसू नका.”

तो हसला. पहिल्यांदाच. “हे जमेल,” म्हणाला. “तुझी बस किती वाजता?”

“पावणेतीनला.”

“मग पाठ टेक जरा. चहा ठेवतो. वेळेवर उठवीन.”

“झोप नाही येणार मला, काका,” ती म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं. पिशवीत फोन थरथरत होता. कुणीतरी विचारत असेल. विचारू दे थोडा वेळ. स्वयंपाकघरात म्हाताऱ्याने भांडं ठेवलं, काडी ओढली, आणि मग चहा उकळायची वाट न बघता तो बाहेर आला असावा. कारण मिटल्या डोळ्यांआड तिला ते ऐकू आलं: तिची झोप मोडू नये म्हणून अगदी हळू ओढलेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. टक्. मोठा विसावा. टक्.